तबेल्यातील शेण, जैवकोळसा आणि कोकणची जमीन : मुंबई उपनगरांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

मुंबईच्या पश्चिम उपनगरांतून वाहणाऱ्या ओशिवरा, पोईसर व दहिसर या नद्यांच्या प्रदूषणाची चर्चा निघाली की सांडपाणी व कारखाने यांच्या जोडीला तबेल्यांचा उल्लेख हमखास येतो. शेण हा प्रदूषक पदार्थ आहे, ही कल्पना शेतकऱ्याला चमत्कारिक वाटावी अशीच आहे. ज्या शेणाच्या गाडीसाठी गावात वाद होतात, तेच शेण अंधेरी-जोगेश्वरी-गोरेगावच्या पट्ट्यात नाल्यात लोटून द्यावे लागते. याचे कारण शेणाच्या गुणधर्मांत नाही. ते जेथे साचते तेथे शेत नाही आणि जेथे शेत आहे तेथवर ते ओल्या स्वरूपात नेणे परवडत नाही, हे त्याचे खरे कारण आहे.

गेल्या दोन दशकांत जैवकोळसा, म्हणजेच बायोचार, या पदार्थाचा पशुपालनात व भूसुधारणेत उपयोग करण्याविषयी जगभर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातील काही लेखन शास्त्रीय आहे, काही प्रचारकी. प्रस्तुत लेखात मुंबई उपनगरांतील म्हशींचे तबेले आणि लगतच्या कोकणपट्टीतील जांभी जमीन या दोन टोकांच्या दरम्यान जैवकोळशाला नेमके कोणते काम देता येईल आणि कोणते देऊ नये, याचा विचार केला आहे.

तबेला आणि त्याचे अर्थकारण

मुंबईतील दाट वस्तीतले तबेले शहराबाहेर हलवावेत या हेतूने १९४९ मध्ये दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने गोरेगावच्या पूर्वेस आरे दुग्ध वसाहत उभी राहिली. सुमारे १,२८७ हेक्टर जमीन, तीसच्या वर तबेले आणि सुमारे १६,००० जनावरांची सोय, असा तिचा आवाका होता. वैरणीसाठी पॅरा गवताची लागवडही वसाहतीतच केली गेली. पुढे उपनगरेच आरेच्या चहूबाजूंनी वाढली आणि शहराबाहेरची वसाहत शहराच्या मध्यावर आली. नागरी भागातील गुरांवर नियंत्रण ठेवणारा राज्याचा कायदा १९७६ मध्ये झाला. आजच्या पालघर जिल्ह्यातील दापचरी येथे तबेल्यांसाठी दुग्धप्रकल्पही उभारला गेला. तरीही ताज्या म्हशीच्या दुधाला उपनगरांत असलेली मागणी आणि तबेलेवाल्यांची पिढीजात गिऱ्हाइकी यांमुळे अनेक तबेले जागचे हलले नाहीत.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये दुग्धव्यवसाय व गोशाळांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. मोठ्या जनावरामागे दररोज १५ ते २० किलो शेण हे प्रमाण सर्वसाधारणपणे धरले जाते. या हिशेबाने ५०० म्हशींच्या एका तबेल्यातून दिवसाकाठी साडेसात ते दहा टन शेण निघते. त्यात सुमारे ८० टक्के पाणी असते. म्हणजे कोरडा भाग दीड ते दोन टनच भरतो. बाकीचे ओझे पाण्याचे. ट्रकचे भाडे मात्र पाण्यालाही तेवढेच पडते. त्यात गोठा धुण्यासाठी सोडलेले नळाचे पाणी मिसळले की शेणाचा पातळ काला होतो आणि मग त्याला गटाराखेरीज दुसरी वाट उरत नाही.

या काल्यातून जे नष्ट होते त्यात सर्वांत मोलाचा घटक नत्र. मूत्रातील नत्र मुख्यतः युरियाच्या रूपात असतो. शेणातील जिवाणूंजवळ युरिएज हे विकर असते. शेण व मूत्र एकत्र आले की काही तासांतच युरियाचे विघटन सुरू होऊन अमोनिया तयार होतो. तबेल्यात शिरताच नाकाला झोंबणारा वास हा याच अमोनियाचा; व्यवहाराच्या भाषेत सांगायचे तर तो हवेत उडून जाणाऱ्या खताचा वास आहे. उरलेला नत्र पाण्याबरोबर नदीत जातो, तेथे शैवाल माजवतो आणि पाण्यातील प्राणवायू घटवतो. शेताने गमावलेली वस्तू खाडीवर भार होऊन बसते.

जैवकोळशाचे स्वरूप

लाकूड, भाताचे तूस, नारळाची करवंटी, उसाचे पाचट यांसारखा वनस्पतिजन्य पदार्थ हवेचा पुरवठा अत्यल्प ठेवून साधारण ३५० ते ७०० अंश सेल्सिअस तापमानाला तापवला असता त्यातील बाष्पशील द्रव्ये निघून जातात आणि कर्बप्रधान सच्छिद्र सांगाडा उरतो. ही क्रिया लोणाऱ्यांना शतकानुशतके ठाऊक आहे. फरक हेतूचा आहे : लोणारी कोळसा जाळण्यासाठी करी, जैवकोळसा न जाळण्यासाठी केला जातो. त्यातील कर्बाची बांधणी वलयाकार व घट्ट असल्याने जमिनीतील सूक्ष्मजीव त्याचे विघटन फार सावकाश करतात. पाऊण भाग कर्ब असलेला एक टन जैवकोळसा जमिनीत टिकून राहिला, तर सुमारे पावणेतीन टन कार्बन डायऑक्साइड वातावरणाबाहेर राहिल्यासारखे होते. हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळाने २०१९ मध्ये आपल्या मार्गदर्शिकेच्या सुधारणेत याच्या गणनेची पद्धती दिल्यामुळे या विषयाकडे पैशाचेही लक्ष वळले.

ॲमेझॉनच्या खोऱ्यातील ‘तेरा प्रेता’ या काळ्या जमिनींचे उदाहरण जैवकोळशाच्या प्रत्येक लेखात येते. डच मृदाशास्त्रज्ञ विम सोम्ब्रूक यांनी १९६६ च्या आपल्या ग्रंथात या जमिनींचे सविस्तर वर्णन केले होते. मात्र एक गोष्ट सांगायची राहून जाते. त्या जमिनींत नुसता कोळसा नाही. हाडे, मासळीचे अवशेष, मलमूत्र, खापरे असे वस्तीचे सारे उष्टे-खरकटे त्यात आहे. कोळशाने ते धरून ठेवले, इतकेच. या विवेचनाच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे.

कोकणातील राब : एक जवळचा नातेवाईक

आजची उपनगरे ज्या साष्टी बेटावर वसली आहेत, तो प्रदेश १९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा होण्यापूर्वी ठाणे जिल्ह्यात मोडत असे आणि तेथे प्रामुख्याने भातशेती होती. ठाणे-कुलाबा पट्ट्यातील शेतकरी भाताचा तरवा टाकण्यापूर्वी त्या जागेवर शेण, झाडांच्या कवळ्या, पालापाचोळा, गवत यांचे थर रचून वर माती पसरत व उन्हाळ्याच्या अखेरीस तो राब पेटवत. रोप जोमदार येते आणि तण कमी उगवते, हा त्यांचा अनुभव होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारी वनखात्याने राबासाठी फांद्या तोडण्यावर निर्बंध आणले तेव्हा ठाणे जिल्ह्यात इतका असंतोष माजला की १८८० च्या दशकात नेमलेल्या मुंबई वन आयोगासमोर तो एक प्रमुख प्रश्न ठरला. भारतीय शेतीच्या सुधारणेविषयी १८९३ मध्ये अहवाल सादर करणाऱ्या डॉ. व्होएल्कर यांनीही राबाची दखल घेतली.

राब म्हणजे जैवकोळसा नव्हे. वरचा मातीचा थर आग मंद ठेवतो, त्यामुळे थोडा कोळसा उरतो. पण बहुतेक पदार्थाची राख होते. शेणातील नत्र तर जवळजवळ सगळाच धुरावाटे जातो. राखेतील पालाश व चुना तेवढा आम्लधर्मी जमिनीला मिळतो. तरीही शेण आणि जळका पाला एकत्र केल्यास जांभ्या जमिनीत रोप सुधारते, हे निरीक्षण या प्रदेशातील शेतकऱ्यांनी प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी केले होते. जैवकोळसा ‘परदेशातून आलेली कल्पना’ म्हणून येथे मांडण्याचे त्यामुळे कारण नाही.

चाऱ्यात की गव्हाणीबाहेर?

जनावरांच्या खाद्यात कोळसा मिसळण्याची सूचना अलीकडे वारंवार केली जाते. पश्चिम ऑस्ट्रेलियातील मंजिमप येथील एका शेतकऱ्याने २०११ पासून आपल्या सुमारे ६० गाईंना दररोज प्रत्येकी सुमारे ०.३३ किलो जैवकोळसा काकवीत कालवून दिला. शेणातून बाहेर पडलेला हा कोळसा शेणकिड्यांनी जमिनीत खोल नेऊन पुरला आणि कुरण सुधारले, असे त्यावरील २०१५ च्या शोधनिबंधात नोंदवले आहे. शेतावर कोळसा पसरण्याची मजुरी गाई व किडे यांनी फुकट करून दिली, असा हा मनोहर प्रकार आहे. गोरेगावच्या तबेल्यात खुंट्याला बांधलेल्या म्हशीच्या बाबतीत तो संभवत नाही, कारण तिचे शेण कुरणात नव्हे, फरशीवर पडते.

दुसरा दावा मिथेनचा. लाओसमधील गुरांवर २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात खाद्यात अर्धा-पाऊण टक्का जैवकोळसा दिल्यावर मिथेन सुमारे २२ टक्के घटल्याचे आढळले. पुढे उत्तर अमेरिकेत मोठ्या जनावरांवर झालेल्या प्रयोगांत मात्र हा परिणाम एकतर फारच थोडा दिसला किंवा दिसलाच नाही. श्मिट व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ११२ शोधनिबंधांचा आढावा घेतला. पचन व आरोग्याविषयी त्यांचे मत अनुकूल असले, तरी दीर्घकालीन परिणामांचा अभ्यास आवश्यक असल्याचे त्यांनीही म्हटले आहे.

मुंबईच्या संदर्भात अधिक विचारणीय मुद्दा अफ्लाटॉक्सिनचा आहे. पावसाळ्यातील दमट हवेत सरकी पेंड व शेंगदाणा पेंड यांना बुरशी लागते. तिचे विष जनावराच्या शरीरातून ‘एम-१’ या रूपात दुधात उतरते. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या राष्ट्रीय दूध सर्वेक्षणात ६,४३२ नमुन्यांपैकी ५.७ टक्के नमुन्यांत हे प्रमाण मर्यादेबाहेर होते. सक्रियित कोळसा असे विष शोषून घेऊ शकतो. विषबाधेत पशुवैद्य तो वापरतातच. पण सक्रियित कोळसा आणि भट्टीतला साधा कोळसा एक नव्हेत. शिवाय कोळशाला शत्रू-मित्र कळत नाही : विषाबरोबर तो जीवनसत्त्वे व औषधेही धरतो. भट्टी नीट चालली नसेल तर त्यावर बहुवलयी हायड्रोकार्बनांचा थर बसतो, आणि ही द्रव्ये स्निग्धांशात विरघळणारी आहेत. म्हशीच्या दुधात स्निग्धांश गाईच्या दुधाहून बराच जास्त. प्रमाणित, तपासलेला कोळसा सहज मिळत नाही तोवर उपनगरातील दुभत्या म्हशीच्या आंबोणात तो घालण्याचे समर्थन करता येत नाही. पेंड कोरड्या जागी ठेवणे हा अफ्लाटॉक्सिनवरचा स्वस्त व निर्धोक उपाय आहे.

कोळशाची जागा म्हणून गव्हाणीच्या बाहेर, म्हशीच्या मागच्या बाजूला आहे.

गोठ्याची फरशी

येथे पहिली अट पाण्याची. नळीने फरशी धुण्याची सवय कायम ठेवून वर कोळसा टाकला, तर नाल्यात काळे पाणी जाईल, एवढाच फरक पडेल. शेण आधी खोऱ्याने कोरडे ओढून घ्यावे लागते, मूत्र वेगळ्या पन्हाळीने टाकीत आणावे लागते आणि मगच उरलेल्या ओलीवर बारीक कोळसा, भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा पसरण्यात अर्थ असतो. तबेल्यात काम करणाऱ्या भय्याला पाण्याची नळी सोपी पडते, खोरे जड. ही अडचण तांत्रिक नसून मजुरीची आहे आणि ती बोलल्याखेरीज पुढचे सारे विवेचन कागदावर राहते.

दुसरी अट रसायनशास्त्राची आहे आणि प्रचारकी लेखनात ती बहुधा गाळली जाते. द्रवात अमोनियम आयन व अमोनिया वायू यांचा समतोल सामूवर अवलंबून असतो. सामू नऊच्या आसपास गेला की वायूचे प्रमाण झपाट्याने वाढते. उच्च तापमानाचा, राखाळ कोळसा स्वतःच अल्कधर्मी असतो. तो ताज्या मूत्रात टाकल्यास नत्र धरला जाण्याऐवजी अधिकच उडू शकतो. म्हणून फरशीसाठी कमी तापमानाचा, कमी राखेचा कोळसा हवा. ताज्या कोळशाची धारणशक्तीही बेताचीच असते. खताच्या ढिगात काही आठवडे राहिल्यावर त्याच्या छिद्रांच्या भिंतींवर सेंद्रिय द्रव्याचा पातळ लेप चढतो आणि नत्र धरण्याची त्याची क्षमता वाढते, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले आहे. कोळसा आधी ‘मुरावा’ लागतो, असे त्याचे सोपे मराठी रूप करता येईल.

नेपाळमध्ये भोपळ्यावर झालेल्या व २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हेच दिसते. हेक्टरी केवळ पाऊण टन कोळसा गोमूत्रात भिजवून रोपाच्या मुळाशी दिला असता उत्पन्न हेक्टरी ८२.६ टन आले. नुसते गोमूत्र दिलेल्या वाफ्यांच्या ते चौपट आणि नुसता कोळसा दिलेल्या वाफ्यांहून ८५ टक्क्यांनी अधिक होते. एका पिकाचा, एका ठिकाणचा हा प्रयोग आहे. त्यावरून सर्व पिकांचे गणित मांडू नये. पण कोळसा व मूत्र यांची जोडी वेगवेगळ्या वापरापेक्षा सरस ठरते, एवढे त्यातून निश्चित सूचित होते.

कोळसा येणार कोठून?

खतात कोरड्या वजनाच्या दहा टक्के कोळसा मिसळायचा ठरवला, तर ५०० म्हशींच्या तबेल्याला रोज १५० ते २०० किलो कोळसा लागेल. चांगल्या बंद भट्टीत कोरड्या मालाच्या पाव भाग कोळसा मिळतो असे धरल्यास त्यासाठी ६०० ते ८०० किलो सुका माल रोज हवा. असे तीस तबेले धरले तर मागणी दिवसाला १८ ते २४ टनांवर जाते. हा आकडा पाहिल्यावर ‘जंगलातून आणू’ हे उत्तर बाद होते, आणि ते व्हायलाच हवे. ठाणे-रायगडच्या कोळसाभट्ट्यांवर उचल घेऊन राबणाऱ्या कातकरी कुटुंबांची वेठबिगारी हा या महाराष्ट्राचाच इतिहास आहे. पर्यावरणाच्या नावाने तिला नवी बाजारपेठ मिळवून देणे अश्लाघ्य ठरेल.

उपलब्ध माल शहरातच शोधावा लागेल. पावसाळ्यापूर्वी महानगरपालिका रस्त्याकडेच्या झाडांची छाटणी करते, त्या फांद्या. मंदिरांतून व उपाहारगृहांतून निघणाऱ्या नारळाच्या करवंट्या. शहाळ्यांची टरफले, मात्र ती वाळवायला जागा व दिवस लागतात. स्टॉकहोम महानगराने २०१७ पासून उद्यानातील काडीकचऱ्याचा कोळसा करून तो रस्त्याकडेच्या झाडांनाच देण्यास सुरुवात केली, हे उदाहरण नगरप्रशासनाला उपयोगी पडण्यासारखे आहे. एक माल मात्र कटाक्षाने टाळावा : जुने फर्निचर, प्लायवूड व रंगवलेल्या फळ्या. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशावरील बेकऱ्या व तंदूर यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. बेकऱ्यांत जाणारे हे भंगार लाकूड आता स्वस्तात मिळेल म्हणून भट्टीत गेले, तर त्यातील जड धातू व गोंदातील रसायने थेट भाजीच्या वाफ्यात पोहोचतील.

महाराष्ट्रात या तंत्राचा अनुभव नाही असे नाही. डॉ. आनंद कर्वे यांनी स्थापन केलेल्या पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने शेतात जाळून टाकल्या जाणाऱ्या उसाच्या पाचटाचा कोळसा करणारी, सहज हलवता येणारी भट्टी विकसित केली. त्यासाठी संस्थेला २००२ मध्ये ॲश्डेन पुरस्कार मिळाला. तो कोळसा कांड्या करून चुलीत जाळण्यासाठी होता. यातच जैवकोळशाची आर्थिक मेख आहे : जो कोळसा इंधन म्हणून आज विकला जातो, तो मातीत गाडण्यासाठी शेतकऱ्याने का विकत घ्यावा? शेणखताची प्रत व वाहतूकखर्च यांत दिसण्याजोगा फरक पडला, तरच याला उत्तर मिळेल. कोळसा मिसळून कुजवलेले खत हलके, भुसभुशीत व कमी वासाचे होते. ओल्या शेणाचा एक ट्रक जेथे परवडत नाही तेथे त्याची गोणी परवडू शकते.

कोणती जमीन?

जेफ्री व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये केलेल्या विश्लेषणात उष्णकटिबंधात जैवकोळशाने पिकाचे उत्पन्न सरासरी २५ टक्के वाढल्याचे, तर समशीतोष्ण प्रदेशात सरासरी काहीच न वाढल्याचे आढळले. हा आकडा महाराष्ट्रभर लागू करण्याचा मोह टाळायला हवा. लाभ उष्णतेमुळे नव्हे, तर उष्णकटिबंधातील बऱ्याच जमिनी आम्ल व निकस असल्यामुळे होतो. कोकणातील जांभी जमीन नेमकी अशी आहे : लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे भरपूर, अन्नद्रव्ये धरण्याची शक्ती कमी, स्फुरद जखडून ठेवणारी, आणि वर अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. येथे कोळशातील अल्कधर्मी राख सामू वाढवते आणि त्याचा सांगाडा निचऱ्याबरोबर वाहून जाणारे अन्नद्रव्य अडवतो. घाटापलीकडची काळी, चुनखडीयुक्त जमीन मुळातच अल्कधर्मी व धारणक्षम. तेथे हाच कोळसा जस्त व लोहाची कमतरता वाढवू शकतो. वसई, पालघर किंवा आरेतील आदिवासी पाड्यांच्या भाजीच्या वाफ्याला जे औषध, ते मराठवाड्याच्या कापसाला अपथ्य ठरू शकते.

पावसाचा आणखी एक परिणाम ध्यानात घेतला पाहिजे. कोळसा पाण्याहून हलका. तो वरवर पसरला तर जूनच्या पहिल्या मोठ्या सरीत तरंगत बांधाबाहेर जातो. त्यामुळे तो वैशाखात मातीत मिसळावा, किंवा त्याहून बरे म्हणजे शेणखतात मुरवून रोपाच्या मुळाशी मूठमूठ द्यावा. यात कोळसाही कमी लागतो.

उपनगरांतील महाविद्यालयांच्या रसायनशास्त्र व वनस्पतिशास्त्र विभागांना हा विषय आवाक्यातला आहे. कुजणाऱ्या शेणावर बोरिक आम्लाचे पात्र झाकणाखाली ठेवून उडणारा अमोनिया मोजता येतो. त्यासाठी अनुमापनाच्या साहित्यापलीकडे काही लागत नाही. शेतातील चाचणीत चार प्रकारचे वाफे हवेत : काहीही न घातलेले, नुसते शेणखत घातलेले, नुसता कोळसा घातलेले आणि दोन्ही मुरवून घातलेले. चौथ्याची तुलना पहिल्याशी नव्हे, दुसऱ्याशी व्हायला हवी. प्रत्येक प्रकाराचे निदान तीन-चार वाफे आणि सलग तीन पावसाळे, अशी तिची मुदत असावी, कारण पहिल्या वर्षी दिसणारी वाढ पुष्कळदा केवळ राखेची असते.